कोल्हापूर: दोन

सुभाषनगरात रात्री साडेदहानंतर
हातोडी थांबते असं नाही, हळू होते फक्त,
शेजारच्या पोराची दहावी आहे म्हणून.
अण्णा कापशीच्या पट्ट्याला वेणी घालतात
आणि मी समोर, पालथ्या घमेल्याला मोबाईल टेकवून,
यादी लावते.

गाण्यांची यादी. एकवीस गाणी.
सगळी काळ्या माणसांची, आणि अशांची
की नाव टाकलं तर ॲप उलट विचारतं:
तुम्हाला दुसरं कुणी म्हणायचं होतं का?

नाही. हीच म्हणायची होती.
लुएला ग्रँट, मेम्फिस.
दिवसा शाळेची बस चालवते, असं तिनंच लिहिलंय.
महिन्याचे ऐकणारे: एकोणतीस.

पहिल्यांदा मीही सगळ्यांसारखीच लावली होती.
वर एक गाजलेलं नाव, मग दुसरं,
मग जरा ऐकल्यासारखं वाटणारं,
आणि लुएला सतरावी.
आठवड्यानं आकडे उघडून बघितले.
लोक पाचव्या गाण्याला उठतात,
हात धुऊन चालायला लागतात.
सतराव्या पानापर्यंत वाढपीसुद्धा येत नाही.

पंगत कशी लागते हे मला कुणी शिकवायला नको.
आईला गार भातच आवडतो
असं मला कितीतरी वर्षं वाटायचं.

आता लुएला पहिली.
दुसरा ब्रिस्टलचा एक पोरगा,
आवाज फाटका, आणि त्यानं तो शिवायला घेतलेला नाही.
तिसऱ्या डर्बनच्या तिघी बहिणी.
गाजलेलं नाव गेलं अठरावर.
त्याचं काय बिघडतंय, त्याला कुठंही बसवा,
लोक शोधत येतात.

एका गाण्याखाली श्रेय उघडलं.
गायक: नाव. कंपनी: नाव, ठळक.
बास कुणी वाजवला? तिथं नुसती रेघ.
ती रेघ मी ओळखते.
अण्णांचं पायताण पापाच्या तिकटीला जातं,
तिथं तळव्यावर दुकानाचा शिक्का बसतो.
गिऱ्हाईक चार पावलं चालून करकर ऐकतं
आणि विचारतं, अस्सल आहे ना?
अस्सल तेव्हा इथं बसलेलं असतं
दातांत चामड्याची वादी धरून.

मावसभाऊ सिद्राम टेंपो घेऊन हळियाळकडं जातो.
तिथल्या एका सिद्दी म्हाताऱ्याचा दमाम
त्यानं फोनवर भरून आणला.
चार मिनिटं. मध्ये कोंबडा, मध्ये सिद्रामचाच खोकला.
यादीत घालावा म्हटलं तर घालता येईना.
तो कुठल्याच कंपनीत नाही, कुठल्याच खात्यात नाही,
ॲपच्या लेखी तो वाजतच नाही.
आणि यादीत जागा रिकामी ठेवता येत नाही.
पंगतीत निदान पान मांडून ठेवता येतं.

म्हणून ती चार मिनिटं मी वेगळी लावते, यादी संपली की.
ऐकणारे: मी, अण्णा, कधी कधी मांजर.

आज लुएला लागली आणि अण्णांची हातोडी चुकली.
म्हणजे चुकली नाही, थांबून पडली.
पुन्हा पडली, तशीच, जराशी उशिरा.
“ही बाई तालाच्या मागं बसतीया,” ते म्हणाले.
मी म्हटलं, मागंच बसवलंय तिला सगळ्यांनी.
“तसं न्हवं गं.” वादी दातांतनं काढली त्यांनी.
“मागं बसवल्याली येगळी. ही रेललीया मागं.
घाई न्हाई तिला. ज्याला यायचं त्यो येतोय म्हणती.”

मग पुन्हा लाव म्हणाले. मी लावली.
मग त्यांच्या फोनवरही लावायला लावली,
काच तडकलेल्या, चार्जिंगची पिन सैल असलेल्या.

म्हणतात की गाणाऱ्याला तिकडं दिसतं
आपल्याला कुठल्या गावात किती जणांनी ऐकलं.
बस डेपोत लावून, जेवणाच्या सुट्टीत
ती बघत असेल कदाचित.
मेम्फिस: चौदा. शिकागो: सहा.
आणि खाली, आजच उगवलेलं एक नाव,
जे तोंडात कसं धरावं हे तिला कळत नसेल,
कोल्हा... कोला...

घाई नाही.